अर्धा कप पाणी

सुलभा,

ज्या गुरुवारी तू गेलीस, त्या दिवशी सकाळी घरातून निघताना तू माझ्याकडे अर्धा कप पाणी मागितलंस आणि मी दिलं नाही. नंतर तीन तासांनी नगरला डायलिसिसच्या मशीनवरच तू गेलीस. भेटायला येणारे म्हणतात, सुटल्या बाई, फार हाल झाले नाहीत. मी मान हलवतो. त्यांना काय सांगणार?

आज वीस दिवस झाले. तेरावा उरकला, आपली प्राजक्ता पुणतांब्याला सासरी परत गेली, जाताना फ्रीजमध्ये तीन दिवसांच्या भाज्या करून ठेवून गेली. आता घरात मी आणि गोठ्यात म्हैस. तुझ्या कपाटात प्रयोगवहीची कोरी पानं सापडली, एका बाजूला रेघा, दुसरी बाजू आकृतीसाठी मोकळी. रेघांच्या बाजूला लिहितोय. मोकळी बाजू मोकळीच राहणार, आकृत्या काढणं तुझं काम होतं.

तू शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंस, पण तुझा पहिला विद्यार्थी मी होतो आणि सगळ्यात ढसुद्धा मीच. लग्नाला महिना झाला नसेल. तू भिंगारच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी, सोनईत येऊन आमच्या चुलीपुढे कांदा चिरत होतीस आणि चिरता चिरता थांबलीस. दिवाळीची सुट्टी होती, शाळेचा सूक्ष्मदर्शक तू हेडसरांना विचारून घरी आणला होतास. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने अलगद ओढलास, काचेवर ठेवलास, वर आयोडीनचा थेंब टाकलास आणि मला म्हणालीस, "या इकडे. एक डोळा झाका."

मी दोन्ही डोळे झाकले. तू हसलीस. मग एका डोळ्यानं बघितलं तर आत विटा रचलेल्या, एकीला एक चिकटून, आणि प्रत्येक विटेत एक पिवळसर ठिपका. आमच्या घरात बापजाद्यापासून कांदा पिकतो. पोत्यानं तोलला, गाडीनं घोडेगावच्या मार्केटला नेला, पण कांद्याच्या आत असं कुणाचं घर आहे हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्यो ठिपका काय?"

"केंद्रक. घरातला कारभारी म्हणा. बाहेरची जाड रेघ दिसते ती पेशीभित्तिका. ती फक्त वनस्पतींना असते, आपल्याला नसते. आणि तिच्या आतून चिकटून एक पटल असतं, फार पातळ. ते यात दिसत नाही."

"मग न दिसनाऱ्याचं काय सांगतीस?"

"कारण सगळा कारभार तेच बघतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं."

मी म्हणालो, मग कारभारी कोण, ठिपका का पटल? तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "चांगला प्रश्न आहे." नवऱ्याला कुणी असं म्हणतं का? पण मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

त्या पटलावरून तू पुढं घरात रामायण घडवलंस. आठवीच्या वर्गात पोरांना सांगितलंस की प्रद्रव्यपटल म्हणजे आमच्या सासूबाई. दारात बसलेल्या असतात. शेजारची पोरं न विचारता आत-बाहेर करतात, तसं पाणी. ओळखीचा माणूस आला तर त्याला हाताला धरून आत नेतात, तशी साखर. आणि नको असलेला माणूस कितीही गोड बोलला तरी त्याला ओट्यावरूनच वाटेला लावतात. सगळ्यांना सारखं सोडत नाही, निवडून सोडतं, म्हणून ते निवडक्षम पारपटल. पोरं खूश. संध्याकाळच्या आत ही गोष्ट तीन गल्ल्या फिरून आईपर्यंत आली.

"तुझ्या बायकुनं साळंत माझं नाव घेतलं म्हनं. पोरं हसत्यात मला!"

तू घाबरून सगळं नीट समजावून सांगितलंस. आईनं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाली, "मग खोटं काय हाय त्यात? म्या दारात नसते तर या घरात कोन बी शिरलं असतं." त्यानंतर शाळेतली पोरगी दिसली की आईच विचारायची, झाला का माझा धडा.

माझा धडा मात्र तू जरा जास्तच झणझणीत शिकवलास. कांद्याचं रोप टाकलं होतं. रोप जोमानं वर यावं म्हणून मी युरिया फेकला, आणि हात जरा सैल सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाफेच्या वाफे आडवे. माती हाताला ओली लागत होती आणि रोपं उन्हात वाळल्यासारखी माना टाकून पडलेली. मी समजलो रोग आला. औषध आणायला निघालो होतो तेवढ्यात तू शाळेतून आलीस. खांद्याची पर्सही काढली नाहीस. वाकून मातीचा खडा उचललास आणि जिभेला लावलास. आमच्या भावकीत सुनेनं बांधावर माती चाखलेली कुणी पाहिली नव्हती.

"किती टाकलं?"

"टाकलं आपलं दोन-चार मुठी."

"खरं सांगा हो."

"दुप्पट."

तू कपाळाला हात लावलास. म्हणालीस, मातीतल्या पाण्यात खत जास्त झालं की मुळांच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं जातं. पटल पाण्याला अडवत नाही. जिकडे विरघळलेलं जास्त, तिकडे ते निघालं. "रोप ओल्या मातीत उभं आहे आणि तहानेनं मरतंय. पाणी द्या. वाहून जाईल इतकं द्या, जास्तीचं खत धुऊन जाऊ दे."

मोटर चालू केली. तू साडी खोचून पाण्याचे बारे मोडत होतीस आणि मी तोंड पाडून दारं धरत, एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवत होतो. निम्मं रोप वाचलं. पण तू दुसऱ्या दिवशी तेही वर्गात शिकवलंस. "एका शेतकऱ्यानं" एवढंच म्हणालीस, नाव घेतलं नाहीस, पण सोनईत असा शेतकरी कोण हे सांगायची गरज होती का? मी चार दिवस बोललो नाही तुझ्याशी. पाचव्या दिवशी तू बटाटा कोरून त्यात साखरेचा पाक भरलास, ताटलीतल्या पाण्यात ठेवलास आणि माझ्यापुढे आणून ठेवून निघून गेलीस. तासाभरानं बघतो तर बटाट्यातला पाक वर चढून आलेला. मी ओरडलो, "अगं हे बघ, पानी वर चढलं!" आणि माझा अबोला तिथंच मोडला. तुला हे माहीत होतं. मी चिडलेला राहीन, पण पाणी वर चढलेलं बघून गप्प राहणार नाही.

पाण्यावरून आपला वाद मात्र कधी मिटला नाही. मी म्हणायचो, पाणी उताराला जातं, एवढं शेतकऱ्याला कळतं, बाकी पुस्तकातलं. तू म्हणायचीस, उतार नेहमी जमिनीचाच नसतो, मिठाचाही असतो. मी म्हणालो, मग समुद्रानं आपली गोदावरी, प्रवरा, सगळं पाणी पार वरपर्यंत ओढून न्यायला पाहिजे होतं. तू भांडी घासत होतीस, मान न वळवता म्हणालीस, "मधे पटल कुठं आहे?" मी उठून शेतावर निघून गेलो. पण तू मोटरीचं सांगितलंस ते मात्र पटलं. विहिरीतलं पाणी वर आणायचं तर वीज लागते, तसं पेशीलाही आत शिरलेलं मीठ उपसून बाहेर टाकायला सारखी ताकद खर्चावी लागते, आपण झोपलो तरी तिचे पंप चालूच. मी विचारलं, आणि लाईट गेल्यावर? तू म्हणालीस, मग मीठ आत साठतं, मिठामागं पाणी येतं, पेशी फुगते आणि मरते. आपण दोघं हसलो होतो तेव्हा, कारण त्या आठवड्यात आपल्या डीपीचा फ्यूज रोज जात होता.

मग तुझ्या किडन्या गेल्या. साखरेनं पोखरल्या, डॉक्टर म्हणाले. सोमवारी आणि गुरुवारी नगर. पहिल्या दिवशी मी त्या हॉलच्या दारातच गळाठलो, माणसं ओळीनं पडलेली, प्रत्येकाच्या हातातून लाल नळ्या. आणि तू? तू आत जाऊन मशीनचं निरीक्षण करायला लागलीस. तिथं सुई लावणारी मुलगी मागं वळली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी?" घोडेगावची मनीषा. तुझी विद्यार्थिनी, शाळेत दुसऱ्या बाकावर बसायची म्हणालीस. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू तिला रडूसुद्धा दिलं नाहीस.

"ती नळी दाखव आधी. यात काय आहे?"

"आत केसासारख्या बारीक नळ्या हायेत मॅडम, हजारो. त्यातून रक्त जातं. बाहेरून औषधाचं पाणी."

"आणि मधे?"

"पटल."

"काय जातं पलीकडे?"

"युरिया जातो, पोटॅशियम जातं. पाणी मशीन ओढून घेतं. रक्तपेशी न्हाई जात, प्रथिनं न्हाई."

"का?"

"मोठी असत्यात. भोकातून मावत न्हाईत."

"पैकीच्या पैकी," तू म्हणालीस आणि हात पुढे केलास.

मी बाजूला उभा होतो. विचारलं, युरिया म्हणजे आपल्या गोणीतला? तू इतकी हसलीस की शेजारच्या खाटेवरचे आजोबा जागे झाले. "तोच हो. रोपाला टाकलात तोच." त्या हॉलमध्ये इतकं मोठ्यानं कुणी हसत नसावं. सगळे माना वळवून बघत होते.

घरी मी स्वयंपाक शिकलो. बटाटा, पालक, टोमॅटो, सगळ्यात पोटॅशियम. बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात टाकून ठेवायचं, ते पाणी ओतून द्यायचं, पुन्हा उकळायचं, तेही ओतून द्यायचं. तू खाटेवरून सूचना द्यायचीस, बारीक चिरा, पेशी उघड्या पडू द्या, मोठ्या फोडीतून बाहेर येत नाही ते. मी म्हणायचो, भाजीतला जीवच ओतून दिला मोरीत, आता चोथा खा. तू खायचीस. कधी नाव ठेवलं नाहीस, फक्त एकदा म्हणालीस, "तुमच्या हाताला चव आहे, पण ती मोरीत गेली."

पाण्याचं मात्र वाईट झालं. दिवसाला तीन पेले, त्यातच चहा, त्यातच वरणाचं पाणी. तुझं शाळेतलं जुनं काचेचं मोजपात्र मी वापरायला काढलं. सकाळी मोजून पाणी तांब्यात भरायचं आणि दिवसभर त्यातूनच द्यायचं. माठ तुझ्या नजरेसमोर नको म्हणून गोठ्यात नेऊन ठेवला. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी द्यायची रीत, तर मी पाहुण्याला ओट्यावरच गाठायचो, तिथंच तांब्या द्यायचो, आणि पिऊन झाल्यावर तोंड पुसून आत जा म्हणून सांगायचो. लोकांना विचित्र वाटायचं. मी स्वतः गोठ्यात जाऊन प्यायचो, म्हशीकडे तोंड करून, चोरासारखा.

तुला माहीत होतं. एका दुपारी मी गोठ्यातून आलो, मिशी ओली असेल. तू म्हणालीस, "माझ्यासमोर प्या ना."

"कशाला? तुला तरास व्हायचा."

"होऊ दे. मला बघू द्या. सावकाश प्या, घशाखाली उतरताना दिसलं पाहिजे."

मी पेला भरून आणला, तुझ्यासमोर खुर्चीवर बसलो आणि प्यायलो. तू माझ्या गळ्याकडे बघत होतीस. पेला संपला तेव्हा तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, बरं वाटलं. मी मोरीत जाऊन रडलो. हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझ्या पायांवर सूज, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. अंगात पाणी मावत नव्हतं आणि तोंडाला कोरड. एकदा स्वतःच पायाकडे बघत म्हणालीस, "तुमच्या त्या वाफ्यातलं रोप झालं माझं." मी विषय बदलला. मला म्हणायचं होतं, तेव्हा तू उपाय सांगितला होतास, वाहून जाईल इतकं पाणी द्या म्हणून, आता सांग ना काहीतरी. पण बाहेर काढायला तुझ्याकडे वाट नव्हती आणि हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

आपली भांडणं व्हायची ती मिठावरून. तुला मीठ बंद होतं. मीठ खाल्लं की तहान लागते आणि तहान लागली की पाणी, हे तू हॉलमधल्या सगळ्या पेशंटांना समजावून सांगितलं होतंस. सलाईन लावतात ते रक्ताइतकंच खारट का असतं, साध्या पाण्यात रक्तपेशी टाकल्या तर फुगून का फुटतात, खाऱ्या पाण्यात टाकल्या तर आक्रसून का जातात, हेही. ते शेजारचे आजोबा तुला सर म्हणायचे. आणि घरी तुझ्या उशीखाली लिंबाच्या लोणच्याची वाटी. मी वाटी हातात धरून उभा, आणि तू खिडकीबाहेर बघतेस.

"आख्ख्या नगरला शिकवतीस आन् सवता?"

"जीभ शाळेत गेली नव्हती हो माझी."

तेव्हा मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं. मी वाटी मोरीत पालथी केली आणि तुझ्या देखत घासून ठेवली.

शेवटच्या सोमवारी तुझं वजन फार भरलं. दोन वेळांच्या मधे वाढायला नको तेवढं पाणी अंगात साठलेलं. मशीननं ते ओढताना तुझ्या पोटऱ्यांत गोळे आले, तू ओरडलीस, मनीषानं पाय धरून ठेवले. नंतर तिनं मला बाहेर बोलावलं. "काका, पान्यावर ध्यान द्या. असं चालायचं न्हाई. त्यांचं हृदय दमलंय." ती प्रेमानंच बोलली, पण माझ्या मनाला लागलं. एवढं मोजून देतो, माठ गोठ्यात, मी चोरून पितो, आणि वर मलाच ऐकायचं? परत येताना मी मनाशी पक्कं केलं, आता हयगय नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी सकाळी गाडी दारात आली. तू चपला घातल्या होत्यास. ऊन अजून चढलं नव्हतं, पण रात्रभराचा उकाडा भिंतींत तसाच होता. तू दाराच्या चौकटीला धरून म्हणालीस, "अर्धा कप पाणी द्या ना."

मी म्हणालो, "मशीनवरून उतरली की देतो."

"आत्ता द्या. अर्धाच."

आणि मी तुला काय म्हणालो ते मी कुणाला सांगितलेलं नाही, प्राजक्तालाही नाही. मी म्हणालो, "तूच शिकवतीस ना पोरान्ला, आत गेलेल्याला भाईर पडाय वाट लागती म्हनून? कुठंय तुझ्याकडं वाट?"

तू माझ्याकडे बघितलंस. पदरानं ओठ पुसलेस, त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं. आणि गाडीत जाऊन बसलीस.

एरवी गाडीत तुझा डावा हात माझ्या हातात असायचा. सुईसाठी शीर जोडलेली ती जागा, हात ठेवला की कातडीखालून घरघर लागायची, पाण्याची मोटर लांबून ऐकू यावी तशी. ती लागली की मला वाटायचं, चाललंय सगळं ठीक. त्या दिवशी तू हात मांडीवर ठेवलास आणि पांढरीचा पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिलीस. मीही मागितला नाही. मला वाटलं, उतरल्यावर देऊ की पाणी, मग येईल राग खाली. पुलाच्या पुढं गेल्यावर आपण नेहमी काहीतरी बोलायचो, त्या दिवशी ते राहिलं.

तुला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर. तासभर झाला असेल, उकडत होतं, मी उठून कूलरपाशी गेलो. गार पाणी होतं. एक पेला प्यायलो, दुसरा भरला, तेवढ्यात मनीषा धावत बाहेर आली. तो दुसरा पेला माझ्या हातात होता, सुलभा. आत जाईपर्यंत हातातच होता.

त्यानंतर तुला पाणी द्यायला सगळा गाव आला. तुला ओट्यावर ठेवलं तेव्हा एकेक जण वाकून तुळशीचं पान आणि पळीभर गंगाजल तुझ्या तोंडात घालत होता. भावकी, शेजारीण, तुझ्या शाळेतल्या बाया, तू शिकवलेली पोरं, आता त्यांच्या मिशा पांढऱ्या व्हायला आल्यात. कुणी मोजत नव्हतं. तुझ्या ओठांच्या कडेनं पाणी वाहून मानेखाली उशी भिजली. मला म्हणाले, तुम्ही घाला. मी पळी तुझ्या ओठांपर्यंत नेली आणि सगळं तुझ्या गालावर सांडलं. बायका म्हणाल्या, फार जीव होता त्यांचा.

स्मशानात पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तुझ्याभोवती फिरलो. मागून दगडानं भोकं पाडली, पाणी माझ्या पाठीवरून वाहत होतं. दहाव्याला प्रवरासंगमला नदीत उभं राहून ओंजळीनं तुझ्या नावानं पाणी सोडलं, गुरुजी म्हणाले तीनदा, मी किती वेळा सोडलं मला आठवत नाही. प्राजक्तानं दंडाला धरून बाहेर काढलं. घरी तुझ्या जागेवर दिव्यापाशी रोज पेला भरून ठेवत होतो. काठोकाठ. आता देतोय, आणि तुला आता कशाचाच उपयोग नाही.

मी स्वतःला समजावत होतो. मी जे केलं ते शास्त्राला धरून केलं. तुझ्याच शास्त्राला. ते पाणी दिलं असतं तर तू गाडीतच गेली असतीस, पांढरीच्या पुलावर, डॉक्टर नाही, मनीषा नाही. म्हणजे मी तुला दोन-अडीच तास जास्त दिले. असं मी रोज स्वतःला सांगायचो आणि दुपारपर्यंत ते पुरायचं.

मग रविवारी मनीषा आली, आईला घेऊन. तुझ्या फोटोला नमस्कार केला. मी चहा केला. कप तिच्या हातात दिला आणि विचारलं, "मनीषा, एक इचारतो, खरं सांग. मला बरं वाटावं म्हनून सांगू नको. त्या दिवशी सकाळी अर्धा कप पानी पोटात गेलं आसतं, तर काय झालं आसतं?"

मला कुठलं उत्तर हवं होतं ते तुला कळलं असेल. तिनं म्हणावं, काका, बरं झालं नाही दिलं.

ती म्हणाली, "अर्ध्या कपानं काय हुतंय काका? त्यांचं हृदयच थकलं हुतं. अर्धा कप दिला काय, न्हाई दिला काय, काय फरक न्हाई." मग कप खाली ठेवून म्हणाली, "आन् तुमी तर दिलं हुतंच की."

"कोन म्हनलं?"

"मॅडमच म्हनल्या. सुई लावताना बघितलं, ओठ पार फाटले हुते. मी म्हनलं, मॅडम, दोन चमचे पानी घालते तोंडात, मशीन घेईल ओढून. तर म्हनल्या, नको, सकाळी यांनी दिलंय. पोटभर दिलंय."

मनीषाची आई पदरानं डोळे पुसत होती. म्हणाली, "असा नवरा पायजे बाई." मनीषानं माझ्याकडं बघितलं आणि मी म्हणालो, "व्हय. दिलं हुतं." असं खोटं मी तुझ्या फोटोसमोर बसून बोललो. त्या दोघी गेल्या, जाताना मनीषा माझ्या पाया पडली.

तेव्हापासून मी हेच धरून बसलोय. तुला रुसायची एक रीत होती. माझ्यावर चिडलीस की ताटावर बसायचीच नाहीस, आणि प्राजक्तानं कितीही बोलावलं तरी आतून म्हणायचीस, "माझं झालंय, पोटभर झालंय." अन्नाचा कण पोटात नसायचा. मी येऊन दोनदा म्हटल्याशिवाय उठायची नाहीस. त्या सकाळी मनीषाचं पाणी नको म्हणालीस ते तसंच असेल. यांनी दिलं नाही ना, मग मला कुणाचंच नको, असं. मी आत येऊन दोनदा म्हणायची वाट बघत असशील आणि मी बाहेर कूलरपाशी होतो.

किंवा तसं नसेल. मनीषानं सोमवारीच मला सुनावलं होतं, ते गाडीत मीच तुला सांगितलं होतं. खरं सांगितलंस तर ती पोरगी म्हणेल, काका, अर्धा कप पण नाही दिला? आणि मी तिच्यासमोर खाली मान घालून उभा राहीन. ते तुला नको असेल, म्हणून तू समोर आलेलं पाणी परत पाठवलंस आणि माझ्या नावानं पोटभर पाणी प्यायल्याचं सांगितलंस.

यातलं खरं कुठलं, हे मी कुणाला विचारू? मनीषाला विचारलं तर मी पाणी दिलं नव्हतं हे सांगावं लागेल, आणि आता ते धाडस माझ्यात नाही. सुलभा, मी चुकलो. पाणी द्यायला पाहिजे होतं. तू अर्धा कप मागितलास, मी पूर्ण द्यायला पाहिजे होता. शास्त्र बरोबर असेल, पण तुझे ओठ फाटले होते आणि ते मला दिसत होते. तू रागानं म्हणाली असशील तर मला चालेल. तुझा राग मी जन्मभर सोसलाय, हा शेवटचाही सोसेन, उरलेली सगळी वर्षं सोसेन. पण मला कुणी नाव ठेवू नये म्हणून तू तहानलेली गेली असशील, तर ते घेऊन मला जगता यायचं नाही. रागानंच म्हणाली होतीस, एवढं सांग.